यात्रेत वग पुरा झाला

आमच्या गावच्या भैरवनाथाच्या यात्रेत यंदा तमाशाचा वग, म्हणजे त्यातले गोष्टीचे नाटक, शेवटपर्यंत झाला. ज्यांनी गावची यात्रा पाहिलेली नाही, त्यांना यात सांगण्यासारखे काही वाटणार नाही. परंतु गेली कित्येक वर्षे आमच्याकडे तमाशा येत होता, गण-गौळण होत होती, गाणी होत होती आणि वगातला राजा दरबारात येऊन पहिले वाक्य बोलतो न बोलतो तोच ध्वनिक्षेपक बंद करण्याची वेळ होत होती. राजाचे पुढे काय झाले हे गावातल्या विशीतल्या मुलांना ठाऊकच नव्हते, कारण त्यांनी पुरा वग कधी पाहिलाच नव्हता. यंदा तो त्यांनी पाहिला, आणि मीही साठी ओलांडल्यावर पहिल्यांदा मैदानात बसून पाहिला.

माझे माहेर जुन्नर तालुक्यातले. नोकरीची सगळी वर्षे पुण्यात शाळेत शिकवण्यात गेली, पण यात्रा मी क्वचितच चुकवली. जुन्नर, आंबेगाव, खेड या आमच्या पट्ट्यात यात्रा चैत्र-वैशाखात येतात. गहू-हरभरा घरात आलेला असतो, कांदा बराखीत पडलेला असतो, पेरणीला अजून अवकाश असतो आणि शाळांच्या परीक्षा उरकत आलेल्या असतात. मुंबईचे डबेवालेही मुख्यतः याच भागातले आणि शेजारच्या मावळातले. १८९० पासून चालत आलेले आपले काम ते दरवर्षी एप्रिलमध्ये पाच-सहा दिवस बंद ठेवतात, ते गावच्या यात्रांसाठीच. मुंबईतल्या कचेऱ्यांत त्या आठवड्यात घरचा डबा पोहोचत नाही, कारण डबा पोहोचवणारा माणूस इकडे पालखीला खांदा देत असतो.

यात्रेची पत्रिका पाहिली की माझे मन अजून तसेच भरून येते. पहाटे अभिषेक, सकाळी मांडवडहाळे, मग हारतुरे आणि शेरणी (गोड प्रसादाचे वाटप), संध्याकाळी पालखी आणि छबिना (देवाची मिरवणूक), त्यानंतर शोभेचे दारूकाम, रात्री लोकनाट्य तमाशा. दुसऱ्या दिवशी सकाळी तमाशाच्या हजेऱ्या, म्हणजे सकाळचा खेळ, आणि दुपारी कुस्त्यांचा आखाडा. मांडवडहाळ्यांना सजवलेल्या बैलगाड्यांतून आंब्याचे डहाळे देवळात येतात तेव्हा अख्खी गल्ली ओल्या पानांच्या वासाने भरून जाते. पहिल्या दिवशी घरोघरी पुरणपोळी आणि मासवडी, दुसऱ्या दिवशी मटण. लेकी-जावई येतात, मुंबईचे चुलते येतात, आणि वर्षभर बांधावरून भांडलेली दोन घरे एका पंक्तीला बसलेली दिसतात. पण या सगळ्यात गाव ज्या एका गोष्टीवर सर्वांत जास्त पैसा खर्च करते, ती म्हणजे तमाशा.

हा पैसा येतो कुठून, हे पाहण्यासारखे आहे. यात्रा कमिटी महिनाभर आधी पावतीपुस्तके छापून घेते आणि उंबऱ्यामागे ठरलेली वर्गणी गोळा करत फिरते. मुंबईला आणि पुण्याला असलेल्या मंडळींची वेगळी वही असते. ज्याला जास्त द्यायचे असेल तो देतो आणि पत्रिकेत त्याचे नाव छापून येते. परंतु ठरलेली वर्गणी मोलमजुरी करणाऱ्या घरापासून ट्रॅक्टरवाल्या घरापर्यंत सारखीच असते. माझा धाकटा भाऊ कमिटीत आहे. त्याच्याबरोबर मी यंदा दोन संध्याकाळी वर्गणीला फिरले. गावाच्या कडेला एकटी राहणारी एक म्हातारी बाई आहे. तिने पदराच्या गाठीतून घडी घातलेल्या नोटा काढून दिल्या आणि पावती देवापुढच्या फोटोमागे खोचून ठेवली. भाऊ तिला म्हणाला, "मावशी, तुम्ही नाही दिली तरी चालेल." तिने उत्तर दिले, "मग तमाशा माझ्या नावाचा कसा व्हायचा?" तमाशाचे तिकीट नसते. मैदानात बसलेल्या प्रत्येक माणसाच्या घरून त्यासाठी काहीतरी गेलेले असते, म्हणून तो फुकटही नसतो. ही कला इतकी वर्षे जगली, ती मुख्यतः असल्या पावत्यांवर.

मी मात्र लहानपणी तमाशा पाहिला नाही, ऐकला. आमच्या घराला तेव्हा मातीचे माळवद होते. जेवणे उरकली की पुरुष आणि पोरगे घोंगड्या घेऊन मैदानात जात आणि आम्ही मुली, आई, काकी आणि शेजारणी माळवदावर चढून बसत असू. गावातल्या बायांनी तमाशाला जाऊन बसायचे नाही, हे कोणी सांगितल्याचे मला आठवत नाही. ते सगळ्यांना आधीपासूनच माहीत होते. मैदानातल्या बाभळीला बांधलेला कर्णा आमच्या दिशेने असे, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकू येई. रंगबाजीतल्या लावण्या चालू असेपर्यंत आई आणि काकी डाळ निवडावी तशा सहज गप्पा मारत. वग सुरू झाला की मात्र त्या गप्प होत. राजाचा खर्जातला आवाज, राणीचा चढा स्वर, सोंगाड्याच्या बोलण्यावर खाली उसळलेले हसू आणि ते वर येईपर्यंत काकीने पदरात दाबलेले आपले हसू, हे सगळे मला आजही जसेच्या तसे ऐकू येते. कोण पात्र कसे दिसते हे आम्हांला माहीत नव्हते, पण वग आम्हांला पाठ असे. पहाटेपर्यंत तो चाले, आणि सकाळी विहिरीवर बायका राणीच्या बाजूने आणि राजाच्या बाजूने भांडत.

म्हणून तमाशा म्हणजे नाचगाणी, असे कोणी म्हटले की मला राहवत नाही. ढोलकी फडाच्या (फड म्हणजे तमाशाची मंडळी) तमाशाला एक बांधणी आहे. ढोलकी आणि हलगी यांची सलामी झडते, मग गणेशाला वंदन करणारा गण होतो. त्यामागून गौळण येते. तिच्यात मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, त्यांची वाट अडवणारा कृष्ण, त्याचा सवंगडी पेंद्या आणि सगळ्यांच्या पुढे चालणारी मावशी असते. ही मावशी पुरुषच वठवतो. मग बतावणी, म्हणजे विनोदी संवाद, मग लावण्या-गाण्यांची रंगबाजी आणि सर्वांत शेवटी वग. कला केंद्रांत चालणारी संगीत बारी हा वेगळा प्रकार आहे, तिच्यात वग नसतो. लावणीला पेशवाईच्या उत्तरकाळात रामजोशी, होनाजी बाळा, परशराम, प्रभाकर, सगनभाऊ आणि आमच्या शेजारच्या संगमनेरचे अनंत फंदी अशा शाहिरांनी थोर केले. वग मात्र नंतरचा, तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तमाशाला जोडला गेला. पुढे पठ्ठे बापूरावांनी, म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी (१८६६-१९४५) यांनी, घरदार आणि जात सोडून तमाशात उडी घेतली आणि संगमनेरजवळच्या हिवरगावची पवळाबाई आणि ते मिळून महाराष्ट्रभर गाजले.

वगाचे वैशिष्ट्य असे की त्याची गोष्ट ठरलेली असली तरी बोलणे बरेचसे उत्स्फूर्त असते. सोंगाड्या त्या गावात दुपारी काय पाहिले, कोणाच्या विहिरीला पाणी लागले नाही, कोणत्या रस्त्यावर गाडी आदळली, हे सगळे राजाच्या दरबारात आणून ठेवतो. राजाला तोंडावर प्रश्न विचारण्याचा अधिकार त्याच्याकडे असतो. तमाशा उभा केला आणि वाढवला तो प्रामुख्याने महार, मांग आणि कोल्हाटी समाजांतल्या कलावंतांनी. ज्या गावात त्यांच्या वडीलधाऱ्यांना देवळाची पायरी चढता येत नव्हती, त्याच गावाच्या मैदानात ते रात्रभर राजाचा न्याय तपासत होते आणि गाव ऐकून घेत होते. वग काढून टाकला तर तमाशातला हा भाग जातो, आणि माझ्या दृष्टीने तोच त्याचा कणा आहे.

आता वग का होईनासा झाला, त्याविषयी. गावात सर्वसाधारण समज असा आहे की तरुण पोरांना गाणीच हवी असतात म्हणून वग गेला. ते अर्धेच खरे आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आणि त्यांनुसार रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. सांस्कृतिक आणि धार्मिक प्रसंगांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देता येते, पण ते दिवस बहुतेक गणेशोत्सव, नवरात्र अशा मोठ्या सणांत जातात. एखाद्या गावच्या भैरवनाथाची तिथी त्यांत बसत नाही. हा नियम मला चुकीचा वाटत नाही. आजाऱ्याला, तान्ह्या मुलाला, पहाटे कामाला जाणाऱ्या माणसाला झोप मिळालीच पाहिजे. चूक आमची होती. रात्र आखडली तरी आम्ही पत्रिका तीच ठेवली. पालखी सहाला निघून पावणेआठला टेकायची, मग दारूकाम, मग देणगीदारांचे सत्कार आणि पाहुण्यांची भाषणे. शाल आणि नारळ देता देता पावणेनऊ वाजत. उरलेल्या सव्वा तासात फडाने गण-गौळण उरकायची, माणसे उठून जाऊ नयेत म्हणून चित्रपटातली चार गाणी करायची, आणि दहाला पाच मिनिटे कमी असताना वगाची नुसती सुरुवात करायची. पाहणाऱ्यांना वग मिळत नव्हता आणि करणाऱ्यांची वगाची सवय मोडत होती.

गेल्या वर्षी यात्रा झाल्यावर मी कमिटीला एक पत्र लिहिले. त्यात कोणाला दोष दिला नाही, फक्त वेळेचा हिशेब मांडला आणि वग पुरा होण्यासाठी काय काय मागे-पुढे करावे लागेल ते लिहिले. उत्तर आले नाही. पण या वर्षी पाडव्याच्या सुमारास भावाचा फोन आला, "अक्का, नारायणगावला सुपारी द्यायला जायचंय. पत्र लिहिलंस ना, मग चल आता."

सुपारी द्यायची म्हणजे तमाशा ठरवायचा. नारायणगाव ही आमची मोठी बाजारपेठ. टोमॅटोसाठी तिचे नाव सगळीकडे आहे, पण आमच्या लेखी ते तमाशाचे गाव आहे. तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५-२००२) यांनी या गावाचे नाव साऱ्या देशात नेले. १९५७ आणि १९९० मध्ये त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला, आणि राज्य सरकार २००६ पासून तमाशातल्या ज्येष्ठ कलावंतांना त्यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार देते. यात्रांचा हंगाम जवळ आला की फडमालक येथे ओळीने राहुट्या टाकतात. प्रत्येक राहुटीपुढे फडाच्या नावाचा मोठा फलक, त्यावर कलावंतांचे फोटो, आत एक टेबल, चार खुर्च्या, देवाची तसबीर आणि तिथींची वही. गावोगावच्या कमिट्या जीपगाड्या करून येतात, चार राहुट्या फिरतात, घासाघीस करतात, इसार देतात आणि कागद करून जातात. ज्या तिथीला पुष्कळ गावांच्या यात्रा एकदम येतात, त्या तिथीची सुपारी चढी असते. आमची तिथी नेमकी तसलीच आहे.

ज्या राहुटीत आम्ही बसलो, तिथले व्यवस्थापक सत्तरीच्या घरातले होते. पूर्वी ते स्वतः वगात सरदार करायचे. भावाने वगाचे नाव काढल्यावर त्यांनी वही मिटली आणि आमच्याकडे नीट पाहिले. "वगाचं कोण विचारतं आता? गाणी किती, पोरी किती, लाइट कसली, एवढंच विचारत्यात," ते म्हणाले. मी त्यांना म्हणाले, "आम्हांला वग पाहिजे आणि तो कागदावर लिहून पाहिजे." त्यावर ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताई, वग करायचा तर तालीम लागती. पोरं गाण्यावर वाढलेली. पण तुम्ही कागदावर लिहा, मी तालीम घेतो." कराराच्या कागदावर एरवी तारीख, गाव, सुपारी आणि वेळ एवढेच असते. आमच्या कागदावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात 'वग संपूर्ण' असे दोन शब्द घातले.

बोलता बोलता करोनाच्या दोन वर्षांचा विषय निघालाच. २०२० आणि २०२१ मध्ये ऐन चैत्रात टाळेबंदी होती, एकही यात्रा भरली नाही. यात्रेच्या दोन महिन्यांत जे मिळते त्यावर फडाचे पुढचे कित्येक महिने निघतात. मोठ्या फडात शंभराच्या आसपास माणसे, त्यांची मुलेबाळे, ट्रक, जनित्र, तंबू. दोन हंगाम बुडाले तेव्हा ढोलकी वाजवणाऱ्यांनी भाजीच्या गाड्या लावल्या आणि नाचणाऱ्या मुली शेतात खुरपायला गेल्या, हे त्यांनी सांगितले. वगात पुरुषभूमिकाही तितक्याच ताकदीने करणाऱ्या कांताबाई सातारकर २०२१ च्या मे महिन्यात करोनाने गेल्या, तेव्हा त्यांच्या कलेवर जीव टाकणाऱ्या गावांपैकी कोणालाही त्यांच्या शेवटच्या दर्शनाला जाता आले नाही. व्यवस्थापकांनी त्यांचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावला.

कमिटीच्या बैठकीत पत्रिका बदलण्यावर तीन दिवस वाद झाला. पालखी चारला काढायची म्हटल्यावर जुनी माणसे उन्हाचे कारण सांगू लागली, आणि सत्कार सकाळी शेरणीच्या वेळी उरकायचे म्हटल्यावर देणगीदार नाराज होतील अशी भीती निघाली. काही तरुणांनी तमाशाऐवजी डीजे आणावा असे सुचवले. एका मुलाने मला सरळ विचारले की वगात असे असते तरी काय. मला त्याचा राग आला नाही. त्याला आम्ही वग दाखवलाच नाही, तर त्याने तो मागावा कसा? मी त्याला एवढेच म्हटले की एक वर्ष पाहा, नाही आवडला तर पुढच्या वर्षी मी तुमच्या बाजूने बोलेन. शेवटी पालखी चारला, दारूकाम सातला आणि तमाशा साडेसातला असे ठरले. स्त्रियांसाठी मैदानाच्या डाव्या अंगाला कनात लावून वेगळी जागा करावी, हेही माझ्या आग्रहाने मान्य झाले.

यात्रेच्या दिवशी दुपारी फडाचे ट्रक आले. शाळेच्या पडवीत कलावंतांची उतरण्याची सोय होती, आणि तिथे चहा पोहोचवण्याचे काम मी मागून घेतले. एक मुलगी भिंतीला टेकून चाळ दुरुस्त करत बसली होती. चाळ मी इतक्या जवळून प्रथमच पाहिले. जाड कापडी पट्ट्यावर रांगेने ओवलेली शेकडो पितळी घुंगरे, आणि त्यांतली दोन-तीन निखळलेली. ती दाभणाने दोरा आरपार काढून गाठ मारत होती आणि प्रत्येक गाठीनंतर पट्टा हलवून कानाशी धरत होती. उचलून पाहा, असे ती म्हणाली. एका हाताने तो मला नीट उचलवेना. तिच्या घोट्याच्या वर काळा पडलेला, घट्टा धरलेला कातडीचा पट्टा होता. चाळ बांधण्याआधी ती तिथे जुन्या साडीची घडी गुंडाळते. पलीकडे एक म्हातारा हलगी घेऊन बसला होता. संध्याकाळ होऊ लागल्यावर त्याने पाचटाचा लहानसा जाळ केला आणि हलगीचे तोंड त्यावर फिरवत राहिला. मधूनच तो बोटाने टिचकी मारे, मान हलवे आणि पुन्हा जाळावर धरे. चौथ्या की पाचव्या खेपेला जो आवाज निघाला, तो ऐकून गल्लीतली पोरे धावत आली.

तमाशा सात वाजून चाळीस मिनिटांनी सुरू झाला. गण झाला, गौळण झाली. मावशीने आमच्या सरपंचांनाच दह्या-दुधाचा हिशेब विचारला आणि मैदान डोलले. रंगबाजी त्यांनी शब्द दिल्याप्रमाणे थोडक्यात ठेवली. पावणेनऊला वग उभा राहिला. गोष्ट जुन्या वळणाची होती. कारभाऱ्याच्या चहाडीवर विश्वास ठेवून राजाने निर्दोष राणीला रानात हाकलले आहे. तिची मुलगी मोठी होऊन, आपण कोण हे न सांगता, आईसाठी न्याय मागायला दरबारात आली आहे. ही मुलगी झाली होती दुपारी चाळ शिवणारी तीच. सुरुवातीला मागची पोरे गाण्यासाठी ओरडली. सोंगाड्याने त्यांना दरबारातले शिपाई ठरवून टाकले, गप्प राहण्याचा पगार देऊ केला, आणि ती हसून बसली ती शेवटपर्यंत.

कनातीत मात्र जेमतेम पंधरा-वीस जणी होत्या. बाकीच्या, सवयीप्रमाणे, गच्च्यांवर. माळवदे गेली, स्लॅब आले, तरी बायकांची जागा तीच राहिली होती. माझी आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. तिला मी दुपारीच म्हटले होते, यंदा खाली चल. "मला वरून ऐकू येतं सगळं," असे म्हणून ती नातसुनांबरोबर गच्चीवर जाऊन बसली होती.

दहा वाजले तेव्हा वगाचा शेवटचा प्रवेश, सुमारे वीस मिनिटांचा, शिल्लक होता. बंदोबस्ताला आलेल्या हवालदारांनी घड्याळ दाखवले. कमिटीने ध्वनिक्षेपक बंद केला. ढोलकी आणि हलगीही थांबली, कारण रात्री उघड्यावर वाद्यांनाही मनाई आहे. माणसे उठू लागणार असे मला वाटले. तेवढ्यात राजाचे काम करणारा नट रंगमंचाच्या अगदी कडेला आला आणि नुसत्या आवाजात म्हणाला, "दरबार अजून उठला नाही." बसलेली माणसे उठली खरी, पण ती पुढे सरकण्यासाठी. चटया, पोती, घोंगड्या ओढत सगळे मैदान रंगमंचाला येऊन भिडले.

आणि मग गच्च्यांवरून बायका उतरू लागल्या. कर्णा बंद झाला होता, वर काही ऐकू जात नव्हते. आधी दोघी-तिघी गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबल्या, मग लेकरे कडेवर घेतलेल्या सुना, मग म्हाताऱ्या. कनातीपर्यंत जायलाही कोणाला सवड नव्हती. जागा मिळेल तिथे त्या पुरुषांच्या मागे, बाजूला उभ्या राहिल्या. सोंगाड्याने त्यांना पाहिले आणि राजाकडे वळून तो म्हणाला, "महाराज, जरा दमानं घ्या, साक्षीदार आत्ता आल्यात." पुढची माणसे आपणहून सरकली आणि त्यांनी वाट करून दिली. नातसुनेच्या हाताला धरून आई आली आणि माझ्या शेजारी पोत्यावर बसली.

माइक नाही, वाद्य नाही, अशा त्या शांततेत मुलीने आईची सगळी हकिकत राजापुढे मांडली. दुपारी जिचा आवाज मला बारीक वाटला होता, तिचा शब्द शेवटच्या माणसापर्यंत पोहोचत होता. कारभाऱ्याचे कपट उघडे पडले, राजाने खाली मान घातली, मुलीने आपली ओळख सांगितली, "बाबा" म्हणून त्याच्या पायाशी वाकली आणि वग संपला. टाळ्या किती वेळ वाजत होत्या ते मला सांगता येणार नाही. डीजे मागणारा तो मुलगा हवालदारांच्या बाजूला उभा राहून दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवत होता.

घरी येताना आई माझा दंड धरून हळूहळू चालत होती आणि काही बोलत नव्हती. ओट्यावर बसून तिने पाणी मागितले आणि मग म्हणाली, "हाच वग मी ऐकलाय, तू पाळण्यात होतीस तेव्हा. पण तेव्हा ती त्याला बाबा म्हणायची नाही. सगळं बोलून झालं की पाठ फिरवून निघून जायची." मी विचारले, तू तर माळवदावर होतीस, पाठ फिरवलेली तुला कशी दिसली? आई म्हणाली, "दिसायचं कशाला? तिच्या पायांतली घुंगरं लांब लांब जाताना ऐकू यायची."